कास्टिंग साइटची वर्गणी भरण्याआधी

पत्र: मी ३२ वर्षांची, नाशिकला राहते. कॉलेजपासून नाटक करते आहे. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, अधूनमधून प्रायोगिक. मधल्या काळात दोन मराठी मालिकांत थोड्या दिवसांच्या भूमिका आणि एक जाहिरात मिळाली, तिन्ही ओळखीतून. उरलेला वेळ शाळांमध्ये नाट्यशिबिरं घेते, घरखर्च त्यावर चालतो. आता नुसत्या ओळखींवर विसंबायचं नाही असं ठरवलंय, म्हणून ऑनलाइन कास्टिंग साइट्स पाहते आहे. तीन निवडल्यात. पहिलीवर प्रोफाइल फुकट, पण अर्ज करायचा तर महिन्याची वर्गणी. दुसरी परदेशी आणि नावाजलेली. न्यू जर्सीतली मावसबहीण म्हणते, तिकडे सगळे तीच वापरतात. तिसरी पोर्टफोलिओ, आर्टिस्ट कार्ड आणि ‘गॅरंटीड ऑडिशन’ मिळून १५ हजार मागते. त्यातले नोंदणीचे दोन हजार मी भरून बसले आहे. कुठली घेऊ? मुंबईला राहायला न जाता हे जमतं का? आणि एक विचारायला लाज वाटतेय: वय खरं लिहायचं का? — एक अभिनेत्री, नाशिक

उत्तर: तिसरीपासून सुरू करते, कारण तिचा निकाल लगेच लागतो. तिकडे आता एक रुपयाही भरू नका.

‘आर्टिस्ट कार्ड’ ही वेबसाइटनं विकायची वस्तूच नाही. कलाकारांच्या संघटनेचं सभासदत्व ही वेगळी आणि खरी गोष्ट आहे. मुंबईत सिंटा, म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, १९५८ पासून आहे. आपल्याकडे कोल्हापूरला मुख्यालय असलेलं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. सभासद व्हायचं तर थेट त्यांच्याकडे अर्ज करायचा, मध्ये कुणी लागत नाही. ‘गॅरंटीड ऑडिशन’ तर त्याहून मजेशीर. ऑडिशन फुकटच असते हो! कास्टिंग दिग्दर्शकाला मानधन निर्मिती संस्था देते आणि नट शोधणं हेच त्याचं काम असतं. कास्टिंग ऑफिसांची गर्दी असलेल्या वर्सोव्याच्या आरामनगरात दारोदार फिरून ‘फिट’ की ‘नॉट फिट’ ऐकायला कुणी पैसे मागत नाही. आणि पोर्टफोलिओ ‘आमच्याच फोटोग्राफरकडून’ काढायची अट दिसली, की समजावं, त्यांचा धंदा फोटोंचा आहे.

दोन हजार परत मागणारा लेखी मेल आजच पाठवा. त्यांचे मेसेज, पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. उत्तर आलं नाही तर १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. एक मात्र गृहीत धरा: परतावा मागितलात की अचानक एखादी ‘लॉक झालेली’ भूमिका समोर ठेवली जाईल. मोठं बॅनर, महिनाभराचं शूटिंग, फक्त कॉस्च्युमचं डिपॉझिट किंवा टीडीएसची रक्कम आधी पाठवा, असं सांगतील. टीडीएस हा पैसे देणारा तुमच्या मानधनातून कापून सरकारात भरतो. कलाकाराकडून तो आगाऊ मागायचा असतो, असं जगात कुठं नाही.

मोठ्या बॅनरचं नाव आलं म्हणून हुरळूनही जाऊ नका. २०२० मध्ये सलमान खान फिल्म्सला जाहीर करावं लागलं होतं, की आम्ही सध्या कुठल्याही चित्रपटासाठी कास्टिंग करत नाही आणि त्यासाठी कुणाला नेमलेलंही नाही. यशराजनं तर पुढे स्वतःचं कास्टिंग अ‍ॅपच काढलं. म्हणजे बॅनरचं नाव दिसलं की त्याच बॅनरच्या अधिकृत खात्यावर जाऊन पाहायचं, मेसेजमधल्या लिंकवरून नाही.

आता मावसबहिणीची साइट. तिचं म्हणणं खोटं नाही, फक्त ते तिच्या गावाला लागू आहे. न्यूयॉर्कचं बॅकस्टेज १९६० मध्ये छापील साप्ताहिक म्हणून सुरू झालं. लॉस एंजेलिसमध्ये ब्रेकडाउन सर्व्हिसेस १९७१ पासून भूमिकांचे तपशील एजंटांपर्यंत पोचवते, नटांसाठीची तिचीच साइट अ‍ॅक्टर्स अ‍ॅक्सेस. लंडनच्या स्पॉटलाइटची पहिली निर्देशिका १९२७ ची. या खऱ्या, जुन्या संस्था आहेत आणि तिथली वर्गणी हा नटाच्या धंद्यातला नेहमीचा खर्च समजला जातो. पण तिथला कॉल, म्हणजे भूमिकेसाठीचं बोलावणं, त्या शहरात दोन दिवसांत हजर राहू शकणाऱ्या आणि तिथं काम करायचा परवाना असणाऱ्या माणसासाठी असतो. नाशिकरोडवरून तुम्ही भरलेली डॉलरची वर्गणी बहुतेक वाया जाईल. उद्या तुम्ही मावसबहिणीच्या शेजारी राहायला गेलात, तर जरूर घ्या. स्पॉटलाइटची एक गोष्ट मात्र मला आवडते: तिथं प्रशिक्षण किंवा व्यावसायिक कामाचा पुरावा असल्याशिवाय प्रवेश नाही. जी साइट कुणालाही नाही म्हणत नाही, तिच्या यादीत शोधणाऱ्यालाही फारसा रस उरत नाही.

आणि तिकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. नटांना काम मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे उकळणाऱ्यांवर कॅलिफोर्नियाला २००९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. २०१७ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या सरकारी वकिलांनी ‘कास्टिंग दिग्दर्शकांना भेटा’ म्हणून कार्यशाळांचे पैसे घेणाऱ्या अनेकांवर त्याखाली आरोप ठेवले. हॉलिवूडच्या अंगणात हे चालत असेल, तर आपल्याकडच्या ‘सरांसोबत वन-टू-वन सेशन’च्या जाहिराती कशा वाचायच्या ते तुम्हीच ठरवा.

उरली पहिली. खरा विचार तिचाच करायचा आहे.

कुठलीही कास्टिंग साइट काम विकत नाही. काम देणाऱ्याला तुम्ही सापडाल अशी एक जागा ती भाड्यानं देते. ज्या गल्लीत गिऱ्हाईक फिरकत नाही तिथं कितीही स्वस्त गाळा मिळाला तरी उपयोग काय? म्हणून साइट किती मोठी, तिथं किती लाख कलाकार आहेत, हा प्रश्नच नाही. नट तर सगळीकडे लाखांनी आहेत. तुमच्यासारख्या भूमिकांचं कास्टिंग करणारी माणसं तिथं शोधायला येतात का, एवढंच पाहायचं.

ते कळायला उलटं चाला. तुम्ही सहज करू शकला असता अशा पाच-सहा अलीकडच्या भूमिका निवडा: मालिकेतली वकील, बँकेच्या जाहिरातीतली आई, वेब मालिकेतली हवालदार. त्यांतल्या दोघीतिघी तरी नाटकाच्या वर्तुळात ओळखीच्या निघतील. त्यांना साधा प्रश्न विचारा: हा कॉल तुझ्यापर्यंत आला कसा? कुणी सांगेल, कलाकार पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. कुणाची एकांकिका कास्टिंग असिस्टंटनं पाहिलेली असेल. कुणाला इन्स्टाग्रामवरच्या स्टोरीतून कळलं असेल. या उत्तरांत एखाद्या साइटचं नाव दोनदा आलं, तर ती साइट गंभीरपणे घ्या. एकदाही आलं नाही, तर तिची जाहिरात कितीही छान असो, तुमच्या कामाची ती नाही.

माझा अंदाज सांगते. मराठी मालिकांचं कास्टिंग बहुतेक वेळा निर्मिती संस्थेची आपली टीम करते, वर वाहिनीची मान्यता लागते. सगळं घाईचं, आज संध्याकाळी कॉल आणि परवा सेटवर, त्यामुळे ते फोनमधल्या नंबरांवर आणि ग्रुपांवर भागवतात. हिंदी चित्रपट आणि वेब मालिकांच्या कास्टिंग कंपन्यांचा स्वतःचा साठा असतो, त्यात तुमची फाइल थेट त्यांच्या मेलवर किंवा फॉर्मवरून जाते, तीही फुकट. सार्वजनिक साइट्सचा खरा उपयोग जाहिराती, कंपन्यांच्या फिल्म्स, डिजिटल शूट, लघुपट आणि थोडंफार आवाजाचं काम, यांना होतो. तुमची एक जाहिरात झालेली आहे, म्हणजे तुम्हाला हा दरवाजा निरुपयोगी नाही. फक्त साइटवर मालिकेची मुख्य भूमिका मिळेल ही आशा ठेवू नका.

वर्गणी भरण्याआधी पंधरा दिवस फुकटच्या खात्यावर नुसतं बसून वाचा. प्रत्येक कॉलमध्ये निर्मिती संस्थेचं नाव आहे का, शूटिंगच्या तारखा, शहर, दिवसाचं बजेट, शेवटची तारीख आहे का, हे एका वहीत टिपा. ‘मोठ्या बॅनरच्या प्रोजेक्टसाठी नवे चेहरे हवेत, वय १८ ते ५०’ हा कॉल नव्हे, ते आमिष आहे. मग दोन-चार कॉलमधलं एखादं वाक्य जसंच्या तसं उचलून गूगलवर आणि इन्स्टाग्रामवर शोधा. पुष्कळ साइट्स काय करतात, तर कास्टिंगवाल्यांनी आपापल्या पानांवर फुकट टाकलेले कॉल उचलून आणतात आणि त्यांना कुलूप लावून तुमच्याकडून किल्लीचे पैसे घेतात. त्यातही चार दिवस उशिरा. असे कॉल निम्म्याहून जास्त निघाले, तर त्या मूळ पानांनाच फॉलो करा आणि विषय संपवा.

‘एका कास्टिंग डायरेक्टरनं तुमचं प्रोफाइल पाहिलं, कोण ते बघायला प्रीमियम घ्या’ या मेसेजकडे ढुंकूनही पाहू नका. व्हिडिओ चढवायच्या आधीच ‘शॉर्टलिस्ट’ झालात, तर त्यांनी काय पाहून केलं ते त्यांनाच ठाऊक.

साइट तुम्हाला काय विचारते हेही बघा. जिच्यावर खरंच कास्टिंगवाले शोधतात, तिच्या फॉर्ममध्ये बारीकसारीक रकाने असतात, कारण शोधणारा त्यांवरूनच चाळणी लावतो: उंची, शहर, भाषा, बोली, दुचाकी येते का, पोहता येतं का, पासपोर्ट आहे का. बोलीचा रकाना नसला तरी ओळखीच्या पहिल्याच वाक्यात ती घाला. तुम्ही नाशिककडच्या, सटाणा-मालेगाव पट्ट्यातली अहिराणी जिभेवर असेल तर ती लपवू नका. प्रमाण मराठी बोलणाऱ्या नट्यांची मुंबईत रांग लागलेली असते. अहिराणीत सहज भांडू शकणारी बाई हवी असली, की असिस्टंटची धावपळ होते. मात्र येत नसेल तर लिहू नका, पहिल्याच वाक्याला उघडं पडतं.

आता पैसे भरायचेच ठरलं, तर एकाच महिन्याचे भरा. वर्षाची सवलत कितीही गोड दिसली तरी नको. यूपीआय ऑटोपे चालू झालं असेल, तर तुमच्या पेमेंट अ‍ॅपमध्ये जाऊन ते त्याच दिवशी रद्द करता येतं; साइटवर ‘अनसबस्क्राइब’ शोधत बसायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप कापली जाणारी रक्कम जाण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, ते मेसेज वाचत चला. महिन्याअखेर हिशेब करा: किती कॉलना अर्ज केला, किती ठिकाणी सेल्फ टेस्ट, म्हणजे घरीच स्वतः चित्रित केलेली ऑडिशन, मागितली, किती ठिकाणी पुढची फेरी. काम मिळालं नाही म्हणून साइट वाईट ठरत नाही. पण महिन्यात एकाही खऱ्या माणसानं सेल्फ टेस्ट मागितली नसेल, तर पुढचा महिना भरू नका.

खरं सांगायचं तर पैसे वर्गणीपेक्षा आधी दुसरीकडे लागायला हवेत. एक बरा ट्रायपॉड, एक साधा लाइट, मागे कोरी भिंत. फोटो महागड्या स्टुडिओतले नकोत. समोरून, डावीकडून, उजवीकडून, पूर्ण उभा आणि हसरा. एक साडीत, एक कुर्त्यात, एक जीन्समध्ये. फिल्टर नाही, आणि आत्ता दिसता तसे. केस कापलेत तर फोटो बदला. सेल्फ टेस्टच्या सुरुवातीच्या ओळखीत नाव, वय, उंची, शहर, हातातल्या कामाच्या तारखा आणि पुन्हा डावीकडून-उजवीकडून चेहरा, बस. क्यू, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं, द्यायला समोर माणूस उभं करा आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा येणार नाही हे पाहा. घरचे लोक फार जोरात क्यू देतात. फाइलला नाव द्या: तुमचं नाव, वय, उंची, शहर, भूमिका. ड्राइव्हची लिंक पाठवत असाल तर ती कुणालाही उघडेल अशी ठेवा. ‘अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट’ पाठवून वाट पाहायला असिस्टंटकडे वेळ नसतो, तो पुढच्या नावावर जातो. चांगले नट एवढ्याशा गोष्टीवरून मागे पडतात, आणि त्यांना ते कधीच कळत नाही.

माहितीचं काय द्यायचं, काय नाही? प्रोफाइल बनवताना आधार, पॅन, बँक खातं, घरचा पत्ता यांतलं काहीही द्यायचं नाही. काम पक्कं होऊन बिलाची वेळ आली, की पॅन आणि खातं मागतात ते रास्त. आधार लागलंच तर आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. साइटच्या अटींमध्ये तुमचे फोटो-व्हिडिओ ‘कायमस्वरूपी, जगभर, कुठल्याही माध्यमात’ वापरायचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतलाय का ते शोधा. पूर्वी हे कलम कुणी वाचत नसे. आता वाचायला हवं, कारण २०२४ मध्ये अरिजित सिंगसारख्या गायकालाही आपल्या आवाजाच्या एआय नकला थांबवायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. तुमच्या-माझ्यासाठी कोर्टात कोण उभं राहणार?

आणि बाई म्हणून एक, तुम्हाला माहीत असलं तरी लिहिते. साइटवरून ओळख झालेल्या कुणी ‘बोल्ड सीनची तयारी बघायचीय’ म्हणून व्हिडिओ कॉल किंवा तसले फोटो मागितले, हॉटेलच्या खोलीवर किंवा कुणाच्या फ्लॅटवर भेट ठरवली, तर नकार द्या आणि ते संभाषण पुसू नका. भूमिकेत तसं दृश्य खरोखर असेल, तर त्याची चर्चा संहिता हातात आल्यावर, करारात लिहून होते. अशी तक्रार गेली, की साइट त्या खात्याचं काय करते, तक्रार करायला ठळक जागा तरी आहे का, हेसुद्धा साइट निवडताना आधी तपासा. मला तरी हा वर्गणीच्या आकड्यापेक्षा मोठा निकष वाटतो.

काम ठरलं की ते कुठूनही आलेलं असो, एक मेसेज तुम्ही स्वतः लिहून समोरच्याकडून ‘ओके’ घ्या: भूमिका, किती दिवस, दिवसाचे किती, शिफ्ट किती तासांची, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांनी. मालिकांमध्ये पैसे ९० दिवसांनी ही तुम्हाला सवयीची गोष्ट असेलच. मध्ये कोऑर्डिनेटर असेल तर त्याचं कमिशन किती तेही त्यातच लिहा. तो मिळालेल्या मानधनातून घेतो, आधी नाही.

मुंबईला राहायला न जाता जमतं का? अर्धं जमतं. पहिली फेरी आता घरूनच व्हिडिओवर होते, ही गेल्या काही वर्षांतली खरी सोय आहे आणि नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या नटांना तिचा सर्वांत जास्त फायदा. दुसऱ्या फेरीला, लुक टेस्टला, म्हणजे भूमिकेच्या वेशात कसे दिसता ते पाहतात तिथं, मात्र जावं लागतं. पंचवटीनं सकाळी दादर, लोकलनं अंधेरी, तिथून मेट्रोनं वर्सोवा, आणि संध्याकाळच्या पंचवटीनं परत, हे एका दिवसात होतं. ऑडिशनची वेळ दुपारी तीनच्या आत मागून घ्या, नाहीतर परतीची गाडी चुकते. प्रोफाइलमध्ये शहर ‘नाशिक’ लिहा आणि पुढे ‘मुंबईत स्वखर्चानं येऊ शकते, राहण्याची सोय आहे’ असं असेल तर तेही. काही जण शहराच्या रकान्यात थाप मारून मुंबई लिहितात आणि ‘तासाभरात ये’ म्हटलं की अडकतात. उलट नाशिककडे शूटिंग लागलं, की स्थानिक कलाकार हवे असतात, मुक्कामाचा खर्च वाचतो. तेव्हा तुमचं शहर हीच तुमची जमेची बाजू. सवड काढून निर्मिती व्यवस्थापकांना आणि शूटिंगची स्थानिक व्यवस्था पाहणाऱ्या नाशिकमधल्या लाइन प्रोड्युसरांना एकदा भेटून या. कुठल्याही साइटपेक्षा हे स्वस्त आहे, आणि तुमच्या शिबिरांच्या सुट्ट्यांत बसण्यासारखं.

राहिलं वय. जिथं जन्मतारीख विचारली असेल तिथं खरीच घाला. बहुतेक चांगल्या साइटवर पडद्यावर शोभेल त्या वयाचा वेगळा रकाना असतो. तिथं आरशासमोर उभं राहून नाही, तर दोन परक्या माणसांना फोटो दाखवून जो आकडा येईल तो लिहा, समजा २७ ते ३६. असिस्टंट शोधतो ते त्या रकान्यावर. ओळखीच्या व्हिडिओत वय विचारलं तर ३२ सांगा. पाच वर्षं कमी सांगून भूमिका मिळालीच, तरी करारासोबत पॅन कार्ड द्यावं लागतं आणि त्यावर जन्मतारीख छापलेली असते.